घरांतील मोठा पडदा

गेल्या उन्हाळ्यांत यवतमाळास एका स्नेह्यांच्या घरीं आठ दिवस राहण्याचा योग आला. घर जुनें, बापजाद्यांच्या वेळचें; पुढें ओसरी, मध्यें लांबलचक माजघर, मागें स्वयंपाकघर, आणि वर अलीकडे चढविलेल्या दोन खोल्या. माणसें अकरा. बाहेरचा कारभार थोरल्या भावाकडे, आंतला थोरल्या वहिनींकडे, आणि दोहोंवर अखेरचा अधिकार एक्याऐंशी वर्षांच्या आजींचा. अशा घरांत मतभेदाचीं कारणें सहसा जुनींच असतात. परंतु ह्या खेपेस जें कारण आम्हांस आढळलें तें अगदीं नवें होतें. वाद चालला होता तो पडद्याचा.

माजघराच्या भिंतीवर ४३ इंचांचा दूरचित्रवाणी संच आहे. धाकट्या भावास आणि कॉलेजांत जाणाऱ्या दोघां पुतण्यांस अंतराळांतील भव्य वैज्ञानिक चित्रपटांचा मोठा नाद. त्यांचें म्हणणें असें, कीं ह्या संचावर ग्रह लिंबाएवढे आणि अंतराळयानें टांकाएवढीं दिसतात. तेव्हां मोठा पडदा आणि प्रोजेक्टर घ्यावा, व तो वरच्या खोलींत लावावा, कारण तेथें अंधार चांगला होतो आणि कोणाची ये-जा नसते. थोरले भाऊ म्हणत, "वर लावावयाचा असेल तर ज्याचा त्यानें आपल्या पैशानें लावावा, घरच्या पैशाचा पडदा घरांतच लागला पाहिजे." आजी कांहींच बोलत नव्हत्या. वहिनी मात्र भाकरी थापतां थापतां एवढेंच म्हणाल्या, "हे सगळे वर गेले, म्हणजे खालीं बसणार कोण?"

हें वाक्य आम्हांस त्या वादाचें मर्म वाटलें. एकत्र कुटुंबांत चूल वेगळी होण्यापूर्वीं पुष्कळ दिवस आधीं बैठक वेगळी होत असते. प्रत्येकाच्या हातांत आपापला फोन आल्यापासून ती निम्मीअर्धी झालीच आहे. जी उरली आहे ती संध्याकाळच्या जेवणानंतर घटकाभर माजघरांत दिसते. पडदा कोठें लावावा हा प्रश्न वस्तुतः घर कोठें बसावें हा प्रश्न होता. आम्हांस उभयपक्षीं पंच नेमण्यांत आलें. आणि पंचानें आधीं विषय समजून घ्यावा ह्या न्यायानें आम्हीं जें शोधलें व पाहिलें, तें अन्य घरांसही उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें देत आहों.

प्रथम, तरुणांची तक्रार खरी कीं केवळ हौसेची? ती खरी आहे, आणि ती मोजतां येते. पडद्याचें माप कर्णाचें सांगतात. डोळ्यास मात्र रुंदीशीं काम. ४३ इंची संचाची रुंदी सुमारें साडेसदतीस इंच. दहा फुटांवरून पाहणाऱ्याच्या डोळ्याशीं ती जेमतेम १८ अंशांचा कोन करते. ५५ इंची संच २३ अंश व्यापतो, ७५ इंची ३० अंश, आणि १०० इंची पडदा बरोबर ४० अंश. चित्रगृहाची रचना करणारे तज्ज्ञ तीस अंश हें बऱ्यापैकी प्रमाण समजतात, आणि प्रेक्षकास दृश्याच्या आंत गेल्यासारखें वाटावें म्हणून चाळीस अंशांच्या आसपासचें माप सुचवितात. वाचकांस कोणतेंही साधन न घेतां हें पडताळतां येईल. हात सरळ लांब करून मूठ धरली असतां ती सुमारें दहा अंश झांकते. आपल्या नेहमींच्या जागेवरून घरचा संच दोन मुठींत झांकला जात असेल, तर त्यावर वाळवंटांतील वादळ किंवा शनीचीं वलयें पाहून मन दडपत नाहीं, ह्यांत मनाचा दोष नाहीं. चार मुठी लागत असतील तर मात्र मान किंचित् वळवावी लागते, आणि भव्यता म्हणून जी भावना आपण म्हणतों तिचा उगम बराचसा ह्या मान वळविण्यांत आहे.

ह्या हिशेबांतून काटकसरीचीही एक गोष्ट निघते. निरोगी डोळ्यास सुमारें एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, भेद ओळखतां येतो. दहा फुटांवरच्या ७५ इंची चित्रांत साध्या एचडी प्रतीचा प्रत्येक बिंदु जवळजवळ तितकाच असतो. त्यामुळें तेथें फोर-के ह्या चौपट बिंदूंच्या प्रतीनें डोळ्यास फारसें नवें कांहीं मिळत नाहीं. १०० इंचांवर एचडीचा बिंदु सव्वा कलेच्या पुढें जातो, आणि तेथें फोर-केचा लाभ दिसूं लागतो. सारांश, आधीं बैठकीचें अंतर मोजावें, मग पडदा ठरवावा, आणि त्यानंतर यंत्र. आमच्याकडे बहुधा हा क्रम उलट चालतो. दुकानांत यंत्र आवडतें, मग त्यासाठीं भिंत शोधतात, आणि शेवटीं माणसांना जेथें जागा उरेल तेथें बसावें लागतें.

दुसरी गोष्ट अंधाराची. प्रोजेक्टर केवळ प्रकाश टाकूं शकतो. काळा रंग टाकणारें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं. चित्रांत जेथें काळोख हवा तेथें प्रोजेक्टर प्रकाश टाकण्याचें थांबवितो, आणि मग पडद्याची ती जागा खोलींत जितका उजेड असेल तितकीच उजळ राहते. अंतराळाच्या चित्रपटांत तर पडद्याचा मोठा भाग काळाच असावयाचा. चुन्यानें पांढऱ्या धुतलेल्या माजघरांत पडद्यावरचाच प्रकाश भिंतींवर व छतावर आपटून पुन्हां पडद्यावर येतो, आणि तारांगण राखेच्या रंगाचें होतें. अधिक प्रखर यंत्र घेतल्यानें हा दोष जात नाहीं. उलट भिंतींवरून परतणारा प्रकाशही त्याच प्रमाणांत वाढतो. म्हणून रुपया खर्च करण्यापूर्वीं आम्हीं त्या घरच्या मुलांना एक रात्र घोंगड्या जमा करावयास लावलें. पडद्याच्या बाजूच्या दोन्ही भिंतींवर काळ्या घोंगड्या टांगल्या, झरोक्यावर एक लावली, देवघरांतली समई तेवढी आंत राहूं देऊन दार ओढून घेतलें. त्याच ४३ इंची संचावर तेंच चित्र लावतांच थोरले भाऊ म्हणाले, "संच बदललात कीं काय?" कांहींच बदललें नव्हतें, डोळे अंधारास सरावले होते एवढेंच.

येथें एक अपवाद सांगणें प्राप्त आहे. ओलेड नांवाच्या नव्या संचांत प्रत्येक बिंदु स्वतः प्रकाशतो व स्वतः विझतो. त्यामुळें त्यांतला काळा रंग खराखुरा काळा असतो आणि दिवसां उजेडांतही चित्र टिकतें. ज्या घरीं माणसें चार आहेत, अंधार करणें शक्य नाहीं आणि पैशाची अडचण नाहीं, त्यांनीं त्याचा विचार अवश्य करावा. परंतु शंभर इंचांपर्यंत त्याची किंमत मध्यम स्थितीच्या गृहस्थास विचारण्याचीही सोय नाहीं. मोठा पडदा स्वस्तांत हवा, तर अंधार आणि कापड ह्यांचीच कांस धरली पाहिजे.

कापडाचें नांव काढल्यावर यवतमाळच्या माणसास हंसूं येणें साहजिक आहे. ज्या जिल्ह्यांत कापसाचे ढीग दिवाळीपासून होळीपर्यंत बाजारांत पडतात, तेथें पांढऱ्या पडद्यासाठीं परदेशी वस्तु कशाला? आणि खरोखर, आपल्याकडे चित्रांचा खेळ कापडावरच सुरू झाला. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन ह्यांनीं १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' ह्या नांवानें कांचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले, तेव्हां त्यांत सगळें कुटुंब राबत होतें. मुलांनीं चित्रें चालवावींत, कथा सांगावी, असा तो घरचाच उद्योग होता. पुढें १९११ च्या एप्रिलांत दादासाहेब फाळके गिरगांवांत मुलाबरोबर चित्रपट पाहून आले, आणि घरीं येऊन तें नवल सांगतांच सारें कुटुंब दुसऱ्या दिवशीं पाहावयास गेलें. त्या खेळीं ख्रिस्ताचें चरित्र लागलें होतें. तें पाहतांना फाळक्यांच्या मनांत राम-कृष्णांचीं चित्रें उभीं राहिलीं, हें सर्वश्रुत आहे. पुढच्याच वर्षीं त्यांनीं कुंडींतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस टिपून 'अंकुराची वाढ' हें लहानसें चित्र केलें. तें पाहूनच भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. सरस्वतीबाईंनीं दागिने तर दिलेच, पण फिल्मच्या कडांना भोकें पाडण्यापासून सर्व मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत कामेंही केलीं. ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. भारतीय चित्रपटाचा उगम अशा रीतीनें एका कुटुंबाच्या सहलींतून आणि माजघरांतून झाला आहे. वरच्या बंद खोलींतून नव्हे. ह्याच फाळक्यांनीं त्या ध्यासाच्या दिवसांत रोज चार-चार पांच-पांच तास चित्रपट पाहून आपली दृष्टि कांहीं काळ गमावली होती, हेंही घरच्या मुलांस सांगून ठेवण्याजोगें आहे.

असो. पुतण्यानें आपल्या मित्राकडून दोन रात्रींपुरता प्रोजेक्टर मागून आणला. पडद्यासाठीं बाजारांतून मोठ्या पन्ह्याचें मांजरपाट आणलें, कारण मध्यें शिवण आली तर ती प्रत्येक ग्रहावरून जाते. १०० इंची पडदा म्हणजे सात फूट तीन इंच रुंद आणि चार फूट एक इंच उंच. कापड वरून टांगून खालच्या कांठांत बांबूची काठी घातली. तरी यवतमाळचा उन्हाळा म्हणजे कूलर आलाच, आणि त्याच्या झोतानें पहिल्याच घटकेस सारें अंतराळ लाटा मारूं लागलें. मग काठीचीं दोन्ही टोंकें सुतळीनें ताणून बांधलीं. मांजरपाटाच्या विणींतून बराच प्रकाश मागें निसटतो. त्यासाठीं पाठीमागें काळें कापड लावलें. एवढें केल्यावर त्या पडद्यानें जें चित्र दाखविलें, तें विकत घेतलेल्या पडद्याहून उणें असलें तरी लाजिरवाणें नव्हतें. आमची सूचना अशी, कीं प्रत्येक घरानें आधीं अशी एक कापडी रात्र करावी. माप चुकलें, जागा चुकली, हौस टिकली नाहीं, तर नुकसान फक्त मांजरपाटाचें, आणि त्याचीं पुढें पिशव्या-पायपुसणीं होतात.

त्या रात्रीं स्टॅन्ले कुब्रिक ह्यांचा १९६८ सालचा '२००१: ए स्पेस ओडिसी' लावला. ह्या चित्रपटाच्या आरंभीं कांहीं मिनिटें पडदा पूर्ण काळा असतो व केवळ संगीत चालतें. अकराही माणसांनीं एकदम वर पाहिलें. पंखा फिरत होता. म्हणजे वीज आहे. "यंत्र बिघडलें," असा निकाल थोरल्या भावांनीं दिला, आणि ते उठण्याच्या बेतांत असतांच सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेंत वर आलीं. पुढची वीस-पंचवीस मिनिटें ह्या चित्रपटांत एकही शब्द बोलला जात नाहीं. आजी इंग्रजी शिकल्या नाहींत. परंतु त्या अर्ध्या तासांत नातवांपेक्षां त्यांना कांहीं कमी समजलें असें आम्हांस दिसलें नाहीं. माकडानें हाडूक वर भिरकावलें आणि त्याच्या जागीं यान दिसूं लागलें, तेव्हां त्याच आधीं म्हणाल्या, "म्हणजे हेंही त्याचें हत्यारच कीं."

दुसऱ्या रात्रीं २०१४ सालचा 'इंटरस्टेलर' झाला. त्यांत एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरचीं सात वर्षें, असा प्रसंग आहे. नातू आजींच्या कानाशीं बसून मराठींत सांगत होता. तो मध्येंच थांबला, कारण आजींनींच त्याला भागवतांतली रेवतीची गोष्ट सांगावयास आरंभ केला. राजा ककुद्मी कन्येसाठीं वर विचारावयास ब्रह्मलोकीं गेला, तेथें गायन चाललें होतें म्हणून क्षणभर थांबला, आणि तेवढ्यांत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगें लोटलीं. येथें आम्हांस एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. ही कथा म्हणजे सापेक्षतेचा सिद्धांत नव्हे. तो १९१५ पर्यंत आइन्स्टाइननें गणितानें मांडला, आणि मोजमापांनीं तो तावून सुलाखून निघाला. परंतु काळाचें माप सर्वत्र एक नसेल ही कल्पना आजींच्या मनाला परकी नव्हती, आणि त्यामुळें त्या नातवाच्या चित्रपटांत पाहुण्यासारख्या बसल्या नाहींत, एवढा लाभ पुरे आहे. २०२४ च्या 'कल्कि २८९८ एडी' ह्या चित्रपटांत तर अश्वत्थामाच आहे. जखमेसाठीं दारोदार तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा ज्या आजींनीं नातवंडांना सांगितला, त्यांच्यावांचून तो पाहण्यांत अर्धी गोडी नाहीं.

'इंटरस्टेलर' संबंधीं आणखी एक गोष्ट मुलांना सांगितली, ती त्यांना ठाऊक नव्हती. त्यांतलें कृष्णविवराचें चित्र कल्पनेनें रंगविलेलें नसून किप थॉर्न ह्या शास्त्रज्ञांनीं दिलेल्या समीकरणांवरून संगणकानें काढलेलें आहे. गुरुत्वलहरी प्रत्यक्ष टिपण्याच्या कामाबद्दल ह्याच थॉर्न ह्यांस २०१७ साली दोघां सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळालें. त्या लहरी टिपणाऱ्या यंत्राची भारतांतली शाखा हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ च्या एप्रिलांत मंजुरी दिली; तिच्या दोन भुजा प्रत्येकीं चार किलोमीटर लांबीच्या. आमच्या पुसद-उमरखेडच्या शिवेला लागून तो जिल्हा आहे. पडद्यावरचें कृष्णविवर आणि शेजारच्या जिल्ह्यांतलें माळरान ह्यांचा असा संबंध कळतांच धाकटा पुतण्या जो गप्प झाला, तो पाहून आम्हांस वाटलें, कीं ह्या चित्रपटांचा खरा उपयोग येथें आहे. भव्य चित्र डोळे विस्फारतें. परंतु त्यामागचा खरा माणूस आणि खरी जागा कळली म्हणजेच मुलगा पुस्तक उघडतो.

आतां आमच्या निर्णयाकडे येतों. त्याचें कारण आम्हांस दुसऱ्या रात्रीं मिळालें, तें असें. वहिनी दोन्ही दिवस माजघरांत बसल्या नाहींत. हात पुसत त्या स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. तें दार पडद्याच्या अगदीं बाजूला आहे. चित्रपट संपल्यावर त्या म्हणाल्या, "येथूनही सगळें स्वच्छ दिसलें हो. संचावर मला बाजूनें फिकटच दिसत असे." आम्हीं विचारलें, "किती वर्षें?" त्या म्हणाल्या, "संच आल्यापासून." घरांत कोणाला हें माहीत नव्हतें, कारण दारांत उभें राहून कोणी पाहिलेंच नव्हतें.

ह्या एका वाक्यावरून पडद्याची निवड ठरते. बाजारांत चकचकीत, अधिक परावर्तनाचे पडदे मिळतात. दुकानदार त्यांची प्रखरता वाखाणतो. परंतु पडदा प्रकाश निर्माण करीत नाहीं. मध्यें बसणाऱ्यास तो जें अधिक देतो, तें बाजूला बसणाऱ्याच्या वांट्यांतून काढून देतो. उजेडांत चित्र टिकविणारे विशेष पडदेही बव्हंशीं ह्याच रीतीचे. एकट्या रसिकाच्या खोलींत एकच खुर्ची असते, ती मधली. तेथें हे पडदे शोभतात. अकरा माणसांच्या माजघरांत मधली जागा कोणाची? साधा, निस्तेज, पांढरा पडदा सर्व दिशांना सारखाच प्रकाश वांटतो. म्हणून एकत्र कुटुंबानें तोच घ्यावा, आणि प्रखरतेची जी उणीव राहील ती अंधारानें भरून काढावी. त्यासाठीं फार मोठें यंत्रही लागत नाहीं. पूर्ण अंधारांत शंभर इंची साध्या पडद्याला चित्रगृहासारखी उजळता देण्यास सुमारें पांचशें ल्यूमेन प्रकाश पुरतो. खोक्यावरचा आंकडा मात्र फुगविलेला असूं शकतो. आन्सी पद्धतीनें मोजलेला आंकडा विचारावा, व रंग खरे दिसावेत अशा रीतीनें यंत्र चालविल्यास त्यांतलाही बराच भाग कमी होतो हें जमेस धरून दुप्पट-तिप्पट घ्यावा.

यंत्रासंबंधीं आमच्या भागापुरत्या चार गोष्टी लक्षांत ठेवाव्या. दिव्याच्या जुन्या यंत्रांत वीज अकस्मात् गेली कीं आंतला पंखाही थांबतो व तापलेल्या दिव्याचें आयुष्य घटतें. आमच्याकडे वीज सांगून जात नाहीं, म्हणून लेझर किंवा एलईडीचें यंत्र बरें. त्याचें आयुष्य वीस हजार तासांपर्यंत सांगतात. आठवड्यास तीन-तीन तासांचे दोन चित्रपट पाहिले तरी हा आंकडा साठ वर्षांहून अधिक पुरेल. अर्थात् यंत्राचे बाकीचे भाग तितके जगणार नाहींत, तेव्हां ह्या आंकड्यासाठीं अधिक पैसे मोजूं नयेत. दुसरें, जिनिंगच्या हंगामांत हवेंत जो कापसाचा तंतु उडतो तो यंत्राच्या जाळींत बसून त्याचा श्वास कोंडतो; ती जाळी असल्यास त्या महिन्यांत वरचेवर झाडावी. तिसरें, मुलांनीं भिंगांत डोळा लावून पाहूं नये. चौथें, पडद्याचा खालचा कांठ जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर असावा, म्हणजे सतरंजीवर बसलेल्यांचीं डोकीं खालच्या भाषांतरित ओळींच्या आड येत नाहींत. आणि चित्राच्या वर-खालीं काळ्या पट्ट्या दिसल्या तर कोणी "पडदा फुकट गेला" म्हणून हळहळूं नये. रुंद चित्रपटाची उंचीच रुंदीच्या निम्म्याहून कमी असते. शंभर इंचांवर त्या पट्ट्या प्रत्येकीं सहा इंचांच्या होतात. चित्र ताणून त्या भरणें म्हणजे गाणें पुरें व्हावें म्हणून तें घाईनें म्हणण्यासारखें आहे.

आमचा निर्णय उभयतांस मान्य झाला. पडदा माजघरांत, खर्च तिन्ही भावांनीं वांटून घ्यावयाचा, खेळ आठवड्यांतून एक, फार तर दोन. वहिनींनीं आपल्या दोन अटी घातल्या. नऊच्या आधीं जेवणें आटोपलीं पाहिजेत, आणि ज्याचें ताट त्यानें उचललें पाहिजे. दुसरी अट ऐकून थोरले भाऊ क्षणभर छताकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "पंखा फिरतो आहे, म्हणजे वीज आहे." सगळे हंसले, आणि अट मंजूर झाली.

दिवाळीनंतर त्यांचें पत्र आलें. पडदा लागला आहे. बाजूच्या भिंतींना चुन्याऐवजीं गडद मातकट रंग दिला आहे. आजींना तो आवडला नव्हता, आतां आवडतो. जुना संच वरच्या खोलींत नेला, तेथें तो बहुधा बंदच असतो. पहिल्या शनिवारीं वहिनी संवयीनें दाराशीं जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हां धाकट्या दिरानें आपली खुर्ची रिकामी केली आणि तो स्वतः दारांत जाऊन उभा राहिला. पत्रांत त्यानेंच लिहिलें आहे, कीं तेथूनही चित्र चांगलें दिसतें. मात्र पाय दुखतात.